डबल बेसला तारा कोणत्या घ्याव्या? कोकणातल्या नवख्या ब्लूग्रासवाल्यांसाठी

आमच्या वेंगुर्ल्यात बँजो म्हटलं की लोकांना वरातीतला बेंजो आठवतो. त्यामुळे आम्ही तिघं ब्लूग्रास, म्हणजे बँजो-मँडोलिनवरचं अमेरिकन लोकसंगीत, वाजवतो असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, ‘सुपारी किती घेता?’ एकाकडे पाच तारांचा बँजो आहे, दुसऱ्याकडे मँडोलिन, आणि माझ्याकडे व्हायोलिनच्या घराण्यातला, माझ्यापेक्षा उंच असा प्लायवुडचा डबल बेस. गोव्यातल्या एका म्हाताऱ्या वादकाकडून तो घेतला तेव्हा त्याच्यावरच्या तारा किती जुन्या होत्या हे त्यालाही आठवत नव्हतं. आवाज यायचा तो पन्हळीतून डब्यात पाणी पडल्यासारखा.

मग तारा बदलायचं ठरवलं. त्यात दोन पावसाळे गेले आणि तीन संचांचे पैसे. ही वाट पुन्हा कुणाला त्याच खड्ड्यांतून चालावी लागू नये म्हणून हे लिहितोय. तुमच्याकडे चार तारांचा, नेहमीच्या मापाचा डबल बेस आहे आणि तुम्ही तो मुख्यतः बोटांनी वाजवणार आहात असं धरून चाललोय.

१. आधी आवाज ठरवा, मग तार

अमेरिकन मँडोलिनवादक बिल मन्रोने ‘ब्लू ग्रास बॉइज’ हा संच १९३९ च्या सुमारास उभा केला. त्या संचाच्या नावावरूनच या संगीताला नाव पडलं. १९४५ च्या शेवटी अर्ल स्क्रग्ज बँजो घेऊन आला, आणि १९४६-४७ च्या ध्वनिमुद्रणांत आज आपण ज्याला ब्लूग्रास म्हणतो तो आवाज पक्का झाला. तिथे बेसवर होता हॉवर्ड वॉट्स, मंचावरचं नाव सेड्रिक रेनवॉटर. ती मुद्रणं हेडफोन लावून ऐका आणि बाकी सगळं सोडून बेसच्या मागे जा.

तिथे ड्रम नाही. चारच्या मात्रेत पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर बेस, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर मँडोलिनची ‘चक्’. बेस बहुतेक वेळ सा आणि खालचा प एवढंच वाजवतो. म्हणजे मँडोलिनची ‘चक्’ पडायच्या आत बेसचा स्वर उमटून, भरून, बाजूला झालेला हवा. तो रेंगाळला तर सगळं गढूळ होतं.

आमच्याकडच्या डबलबारीच्या भजनात हीच गोष्ट पखवाज करतो. धुमेला, म्हणजे त्याच्या डाव्या तोंडाला, कणीक थापतात ती कशासाठी? आवाज खाली उतरावा, गोल व्हावा आणि त्याची शेपटी छाटली जावी यासाठी. शेजारचे पखवाजी काका माझा बेस पहिल्यांदा ऐकून म्हणाले, “आवाज पोटातसून येवक व्हयो, हो नाकातसून येता.” ब्लूग्रासच्या बेसबद्दल मी वाचलेल्या पानांपेक्षा ते एक वाक्य जास्त कामाला आलं. आपल्याला हवी आहे कणीक लावलेली धूम. घुमारा भरपूर आणि आस, म्हणजे स्वराचं रेंगाळणं, कमी. तार निवडताना प्रत्येक वेळी हेच मनात ठेवा, कारण विकणारे नेमकं उलटं, ‘जबरदस्त सस्टेन’ म्हणून सांगतात. जॅझमध्ये चालत जाणाऱ्या बेसला ते हवंही असतं. आपल्याला नको.

२. वाद्य मोजा

टेप घ्या आणि वरच्या नटपासून, म्हणजे खुंट्यांच्या खालच्या खाचांच्या पट्टीपासून, घोडीच्या माथ्यापर्यंत अंतर मोजा. बहुतेक डबल बेस ‘तीन चतुर्थांश’ मापाचे असतात आणि हे अंतर १०४ ते १०६ सेंटिमीटर येतं. नावात तीन चतुर्थांश असलं तरी हेच मोठ्या माणसांचं नेहमीचं माप आहे, मुलांचं नव्हे. मी हे न कळल्यामुळे ‘पूर्ण’ मापाचा संच मागवणार होतो, नशिबाने थांबलो.

दुसऱ्या चुकीच्या वेळी मात्र थांबलो नाही. एका दुकानातून ‘बेस स्ट्रिंग्ज’ मागवल्या, पाकीट स्वस्त होतं म्हणून खूश झालो. उघडून बघतो तर बेस गिटारच्या. त्यांची लांबी ३४ इंचांच्या, म्हणजे ८६ सेंटिमीटरच्या हिशेबाने असते. टेलपीसमध्ये, म्हणजे तारा खाली अडकवायच्या पट्टीत, अडकवून वर ओढली तर खुंटीपर्यंत पोचायचंही नाव नाही. पाकिटावर ‘डबल बेस’ किंवा ‘अपराइट बेस’ असंच असलं पाहिजे.

तिसरा सापळा जास्त फसवा आहे. काही संचांवर ‘सोलो’ लिहिलेलं असतं. त्या तारा एक पूर्ण स्वर वर लावायच्या असतात. नेहमीच्या ई-ए-डी-जी मध्ये लावल्या तर ढिल्या पडतात आणि फिंगरबोर्डवर, म्हणजे बोटं दाबायच्या पट्टीवर, खडखडतात. तुम्हाला ‘ऑर्केस्ट्रा’ सुरावटीचा संच हवा. ई-ए-डी-जी म्हणजे काय हे पेटीच्या भाषेत सांगायचं तर जाड तारेकडून बारीक तारेकडे प्रत्येक पुढची तार आधीच्या तारेचा मध्यम.

३. तारेच्या पोटात काय आहे ते बघा

बाहेरून सगळ्या तारा सारख्याच चकचकीत दिसतात. आवाज ठरतो आतल्या गाभ्यावर.

तांत. जनावराच्या आतड्यापासून वळलेली. सारंगीला असते तीच जात, पूर्वी पिंजारी कापूस पिंजायचा त्याच्या धनुकलीलाही तीच. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत डबल बेसवर सर्रास तांतच असायची. त्यामुळे जुन्या मुद्रणांतला जो गोल, लाकडी ‘धुम्’ आपल्याला ओढून नेतो तो बराचसा तिचा. ताण कमी, आस कमी, बोटाखाली मऊ. पिरास्ट्रो कंपनीच्या ‘कोर्डा’मध्ये जी आणि डी या उघड्या तांतेच्या आणि ए, ई वर धातूचा वेढा असतो. ‘यूडॉक्सा’मध्ये चारही तारांवर वेढा. तांत सगळ्यात महाग, सगळ्यात लहरी. आणि घरात कुणी माळकरी असेल तर आधी विचारून घ्या. आमच्या आईने तांतेचं पाकीट माजघरात ठेवू दिलं नाही, ओटीवरच्या कपाटात राहिलं.

पोलाद. इथे एका नावाखाली दोन स्वभाव आहेत. थॉमास्टिक कंपनीची ‘स्पायरोकोर’ जॅझवाल्यांची लाडकी. तिची आस लांबलचक, वर एक धातूचा गुरगुरणारा कंगोरा. माझा पहिला खरा संच हाच. तार म्हणून तिला नावं ठेवायला जागा नाही, पण आमच्या तिघांत ती बसली नाही. मँडोलिनवाला वैतागून म्हणायचा, ‘अरे, तुझा मागचा स्वर अजून चालूच आहे.’ त्याउलट दोरासारख्या पिळाच्या गाभ्याच्या तारा, म्हणजे थॉमास्टिकचीच ‘सुपरफ्लेक्सिबल’ किंवा पिरास्ट्रोची ‘ओरिजिनल फ्लेक्सोकोर’, बऱ्याच गडद आहेत. डॅडारिओ कंपनीची ‘हेलिकोर हायब्रिड’ या दोन टोकांच्या मधली. पोलादाचा मोठा गुण म्हणजे सूर टिकतो आणि वर्षानुवर्षं चालते.

सिंथेटिक गाभा. आत नायलॉनच्या जातीचे धागे, बाहेर धातूचा वेढा. तांतेचा स्वभाव आणायचा पण तिची लहर टाळायची, यासाठीच त्या निघाल्या. पिरास्ट्रोच्या ‘ओब्लिगातो’ आणि ‘एव्हा पिराझी’, डॅडारिओची ‘झायेक्स’, इंग्लंडच्या ‘इनोव्हेशन’च्या बऱ्याच तारा या घरातल्या. यांतली ‘ओब्लिगातो’ मऊ आणि भरदार, ‘एव्हा’ जास्त ताणाची आणि मोठ्या आवाजाची.

चौथी जात म्हणजे निव्वळ नायलॉन. आंब्याच्या बागेत गवत कापायच्या मशीनला जी दोरी लागते तशाच दोरीच्या तारा अमेरिकेत विकत मिळतात आणि लोक त्यावर आनंदाने वाजवतात. हे कळल्यावर मी स्वस्थ बसणं शक्य नव्हतं. बागायतीचं सामान विकणाऱ्या दुकानातून २.४ आणि ३ मिलिमीटरची दोरी आणली. हिशेब केला तर २.४ ची दोरी जी स्वराला आणि ३ ची डी स्वराला साधारण वीस किलोच्या ताणावर बसते. तांतेच्या बरीच जवळ. बसवली. पहिले चार दिवस नुसती ताणत गेली, खुंटी फिरवून मनगट दुखलं. पण पाचव्या दिवशी जो आवाज आला तो अडीचशे रुपयांच्या मानाने लाजवाब होता. दोरी गोल छेदाचीच घ्या, चांदणीच्या आकाराची घेतलीत तर बोटं सोलतील. आणि ए, ई साठी हा उद्योग करू नका. तेवढ्या खालच्या स्वराला नुसतं नायलॉन ढिलं पडतं, त्याला वेढ्याची तारच लागते. मासे धरायचा तंगूस चालेल का असं एकाने विचारलं होतं. एवढ्या जाडीचा चांगला गोल तंगूस मिळाला तर तोही नायलॉनच, करून बघायला हरकत नाही.

४. खिडकीबाहेर बघा

परदेशी लेखांत हा मुद्दा एका ओळीत उरकतात, कारण ते जिथे बसून लिहितात तिथे जून महिन्यात भिंतींना घाम येत नाही. आपल्याकडे पावसाची सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या घरात, चार महिने हवेत नुसतं पाणी, आणि समुद्रापासून दोन किलोमीटरच्या आत असाल तर वर मीठ.

तांत ओलावा पिते. सकाळी लावलेला सूर दुपारी हलतो. सर येऊन गेली की पुन्हा हलतो. माझी तांतेची ‘जी’ तार फेब्रुवारीत बसवली तेव्हा मी तीन महिने स्वर्गात होतो. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तिच्यावर बारीक तुसं उभी राहिली, ती मी नेलकटरने कापत होतो. जुलैत एका रात्री ‘फाड्’ आवाज झाला. वीज पडली असं वाटून घर जागं झालं. तुटली होती ती माझी ‘जी’ तार.

उघड्या तांतेला अक्रोडाचं किंवा जवसाचं तेल अगदी थोडं चोळतात. आपल्याकडे हात आपोआप खोबरेलाकडे जातो. ते लावू नका. खोबरेल वाळत नाही, चिकट राहतं, त्यावर धूळ बसते आणि पुढे खवट वास येतो.

पोलादाला इथे गंज हा शत्रू आहे. क्रोम स्टीलच्या वेढ्याला तो उशिरा लागतो, पण घामाची बोटं आणि खारी हवा मिळून वेढ्याच्या फटीत काळपट थर बसवतातच. वाजवून झालं की सुती धोतराच्या कोरड्या फडक्याने प्रत्येक तार वरपासून खालपर्यंत पुसायची.

कोकणात बारा महिने वाजवायचं असेल तर पहिला संच सिंथेटिक गाभ्याचा घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे. आवाज तांतेच्या पुरेसा जवळ जातो आणि आषाढात रडवत नाही. तांतेची हौस असेलच तर दिवाळीनंतर जी आणि डी एवढ्याच तांतेच्या लावा, ए आणि ई वेढ्याच्या राहू द्या, आणि मे अखेरीला उतरवा. ही मिसळ काही माझी कल्पना नाही, जगभर पुष्कळ वादक असंच करतात.

५. ताण

पोलादी संच सुरात असला की चारही तारांचा मिळून ताण शंभर किलोच्या वर जातो. त्यातला काही भाग घोडी खाली दाबते, आणि तबकडी, म्हणजे बेसची वरची फळी, तो वर्षानुवर्षं सोसते. जुना बेस असेल तर आधी सांधे बघा. पावसाळ्यात सरस मऊ होतो आणि कडेचा सांधा सुटतो. कडेकडेने बोटाच्या पेराने टिचक्या मारत जा, जिथे आवाज पोकळ किंवा फडफडता येईल तिथे सांधा उघडला आहे. तो चिकटवल्याशिवाय नव्या तारा चढवू नका.

संच हलका, मध्यम आणि जड अशा तीन ताणांत येतात. जर्मन पाकिटांवर ‘वाइश’, ‘मिटेल’, ‘स्टार्क’ दिसेल. जड तार म्हणजे मोठा आवाज असा समज असतो, मीही त्यातलाच. प्लायवुडच्या बेसवर जड संच लावला तर बरेचदा तबकडी आवळली जाते आणि आवाज दबतो. मध्यमपासून सुरू करा, बोटं नवी असतील तर हलका.

६. मागवताना

हे थोडक्यात. डबल बेसच्या तारा जिल्ह्यात कुठे मिळतील ही आशा सोडा. मुंबईतल्या मोठ्या दुकानांना फोन करून बघा, नाहीतर परदेशातून मागवा. बरा संच डॉलरमध्ये तीन आकडी असतो, तांतेचा त्याहून पुढे, आणि वर आयातशुल्क, कर, कुरिअरचा हात. एवढं जवळ ठेवा:

- केवायसीसाठी आधार किंवा पॅन. त्यावरचं नाव आणि पार्सलवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. माझं पार्सल एका जादा ‘ए’साठी अकरा दिवस अडकलं होतं.
- दुकानाचं बिल, ज्यात वस्तूचं नाव ‘वाद्याच्या तारा’ असं स्वच्छ लिहिलेलं असेल.
- पैसे भरल्याची पावती.

दुबईहून किंवा अमेरिकेहून गणपतीला येणारा भाऊबंद असेल तर त्याच्याहून चांगलं कुरिअर नाही. चार तारांचं पाकीट जेवणाच्या ताटापेक्षा लहान असतं.

७. तारा चढवताना

हत्यारं: टेप, फूटपट्टी, मऊ पेन्सिल, चिमटीचा ट्यूनर, जुनी चादर, सोनाराकडे असते तसली बारीक गोल कानस आणि पॉलिश पेपर.

सगळ्यात मोठी चूक आधी सांगतो. चारही तारा एकदम काढू नका. व्हायोलिनच्या घराण्यातल्या वाद्यांच्या पोटात एक उभी काठी असते, साउंडपोस्ट. ती चिकटवलेली नसते, निव्वळ दाबावर उभी असते. मी ‘आता स्वच्छ पुसून घेऊ’ म्हणून उत्साहाने सगळ्या तारा उतरवल्या. घोडी हातात आली, आणि क्षणभराने आतून ‘टक् टक् टक्’ असं काहीतरी घरंगळत गेलं. ती काठी पुन्हा उभी करायला बेस टेम्पोत घालून मडगावच्या एका व्हायोलिन दुरुस्त करणाऱ्याकडे न्यावा लागला. त्याने अर्ध्या तासात काम केलं. टेम्पोचं भाडं तारेपेक्षा जास्त झालं.

तेव्हा एक तार काढायची, तिच्या जागी नवी चढवायची, जवळपास सुरात आणायची, मगच दुसरी.

क) बेस चादरीवर आडवा ठेवा. घोडीचे पाय कुठे आहेत तिथे पेन्सिलने अगदी फिकट खुणा करा.

ख) जुनी तार काढली की नटची आणि घोडीची खाच बघा. नवी तार त्यात अर्धीअधिक बाहेर राहून अलगद बसली पाहिजे. तांतेची ‘जी’ तार दोन मिलिमीटरच्या पुढे जाड असते, पोलादी तारेची खाच तिला पुरत नाही. खाच रुंद करायची, खोल नव्हे. पॉलिश पेपर जुन्या तारेच्या तुकड्याला गुंडाळून हळूहळू घासा. हात स्थिर नसेल तर सतार-तंबोऱ्याच्या किंवा व्हायोलिनच्या कारागिराकडून करून घ्या.

ग) खाचेत पेन्सिलीचं शिसं घासा. तार सरकते, अडकून तुटत नाही.

घ) खुंटीवर दोन-तीन वेढे पुरेत, एकाशेजारी एक, एकमेकांवर नकोत. तारेच्या टोकाला रंगीत रेशमी गुंडाळी असते ती नटच्या वरच राहिली पाहिजे. ती फिंगरबोर्डवर उतरली तर तार तुमच्या बेसच्या मापाची नाही.

ङ) सूर चढवताना दर थोड्या वेळाने घोडीकडे बाजूने बघा. तार घोडीचा माथा फिंगरबोर्डकडे ओढत नेते. लक्ष दिलं नाही तर ती एक दिवस आडवी होते, तबकडीवर आपटते. टेलपीसकडची बाजू तबकडीशी काटकोनात हवी. झुकली असेल तर दोन्ही हातांनी माथा धरून, अंगठ्यांनी, हळू मागे घ्या.

ई तारेचा सूर लावताना फोनवरचं ॲप गोंधळतं, कारण तो स्वर ४१ हर्ट्‌झचा, फोनच्या माइकला तो नीट ऐकूच येत नाही. तारेच्या मध्यावर बोट नुसतं टेकवून वरच्या सप्तकातला स्वर काढा आणि त्यावर लावा.

८. पुढचे पंधरा दिवस

नवी सिंथेटिक तार आठवडाभर उतरत राहते आणि आवाजही जरा कर्कश लागतो. घाबरून परत काढू नका. पंधरा दिवसांनी तिचा खरा रंग दिसतो.

मग उंची बघा. फिंगरबोर्डच्या खालच्या टोकाला तार आणि लाकूड यांत किती अंतर आहे ते फूटपट्टीने मोजा. सिंथेटिकला जी कडे ६ ते ७ आणि ई कडे ९ ते १० मिलिमीटर ही सुरुवात चांगली. तांतेला आणखी थोडी उंची लागते, ती रुंद झुलते. फार खाली आणलीत तर हात सुखावतो, पण धुमेवरची कणीक खरवडून काढल्यासारखा आवाज होतो. पिकअप, म्हणजे आवाज ॲम्प्लिफायरकडे नेणारं उपकरण, लावणार असाल तर लक्षात ठेवा, चुंबकाचा पिकअप तांत आणि नायलॉन ऐकत नाही, त्यांना कंपनं पकडणारा पिएझो लागतो.

बेस पावसाळ्यात ओल आलेल्या भिंतीला टेकवू नका, खालचा खिळा लादीवर न ठेवता लाकडी पाटावर ठेवा.

आज माझ्या बेसवर ‘ओब्लिगातो’ आहेत, मध्यम ताणाच्या, तिसरं वर्ष चालू आहे. उतरवलेल्या तारा मी टाकत नाही. गोल गुंडाळून, तारीख लिहून, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर बिस्किटांच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतो. ‘जी’ तार सगळ्यात आधी दगा देते, तिची एक जोडी सुटी असलीच पाहिजे. गेल्या चतुर्थीला आरत्यांनंतर काकांच्या पखवाजाबरोबर वाजवायला बसलो, डबा मागितला, तर आईने चकल्यांचा आणून दिला. तारांचा डबा ओटीवरच्या कपाटात होता, तांतेच्या पाकिटाशेजारी.